खंडेनवमीची टिणटिण

नव्वदीचं दशक संपता संपता आमची मोटारसायकल टिणटिण करायला लागली. वडिलांनी वापरून जुनी केलेली आणि मी वापरून आणखी जुनी केलेली ती गाडी. मी एकटा ऑफिसला जायचो तेव्हा शहाण्यासारखी चालायची. बायको मागे बसली, की पहिल्याच खड्ड्यात टिण, टिणटिण, टिण! मेकॅनिकने तीनदा चक्कर मारली आणि तिन्ही वेळा गाडीऐवजी माझ्याकडेच संशयाने बघितलं.

"तू बसलीस की वाजते," असं मी एकदा घरी बोलून गेलो. काही वाक्यं मनातच ठेवायची असतात, हे मला नेहमी वाक्य संपल्यावर कळतं.

बायकोने त्याच रात्री जाहीर केलं, "दसऱ्याच्या आत आवाज सापडला तर गाडी राहील. नाहीतर मखमलाबादच्या त्या फुलवाल्या काकांना द्यायची आणि स्कूटर घ्यायची." काका कधीपासून गाडी विकत मागत होते. दसऱ्याला सकाळी न्यायला या, असा फोनही तिने करून टाकला. त्या गाडीवर मी शिकलो होतो, पडलो होतो, लग्नाआधी हिला बघायलाही त्याच गाडीवर गेलो होतो.

इतकं असूनही मी रोज 'उद्या बघू' करत खंडेनवमी उजाडू दिली. सकाळी मोठ्या उत्साहाने सगळे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर घासूनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच लक्षात आलं, की आता उद्यापर्यंत यातलं काहीच उचलता येणार नाही. पुजलेल्या हत्याराला आमच्याकडे त्या दिवशी कुणी हात लावत नाही. मेकॅनिकही आपली हत्यारं पुजून, शटर ओढून घरी गेलेला.

सणासाठी सासरे आले होते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पाट बघितला, मग मला बघितलं.

"जावईबापू, सगळीच पुजलीत?"

"सगळीच."

"शाबास." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "कान तर पुजले नाहीत ना? चला!"

बायको मागे बसायला तयार नव्हती. "मी कशाला? माझ्या वजनानेच वाजते ना?" पण बापाने हाक मारल्यावर पदर खोचून आली.

कॉलनीमागच्या उतारावर सासऱ्यांनी पहिला हुकूम सोडला, "इंजिन बंद. नुसती सोडा खाली." आम्ही दोघं घरंगळत निघालो आणि निम्म्या उतारावर टिणटिण!

"इंजिन निर्दोष!" सासरे मागून धावत ओरडले. साठी उलटलेला माणूस चप्पल हातात घेऊन पळत होता. गॅलऱ्यांमध्ये लोक जमले.

दुसऱ्या फेरीला मागे सासरे बसले, दोन्हीकडे पाय टाकून ऐसपैस. गाडी गप्प. वर आलो तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबांचं वजन किती हो?"

"पंच्याऐंशी," सासरे अभिमानाने म्हणाले.

"ऐकलंत? म्हणजे वजनाचा काही संबंध नाही!"

मी ऐकलं. सगळ्या कॉलनीने ऐकलं. पण माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. पेटलं तिच्या. "थांबा! बाबा दोन्हीकडे पाय टाकून बसले. मी साडीत एका बाजूने बसते. म्हणजे जे काही आहे ते डावीकडेच आहे!"

सासरे तिच्याकडे असे बघत राहिले, की मला जावई असल्याचा जरा संकोच वाटला.

तिसऱ्या फेरीला हुकूम तीच सोडत होती. "हळू... आता सोडा... वाजलं! आता मी पाय पुढे घेते... वाजतंय... आता मागे दाबते..." शांतता. "सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली, की मी करकचून ब्रेक दाबला आणि तिचं नाक माझ्या पाठीवर आपटलं. तिला त्याचं भानच नव्हतं. साडीगार्डची खालची सळई सांध्यातून सुटली होती आणि तिच्या दोन्ही पायांच्या ओझ्याने फूटरेस्ट खाली गेला, की त्यावर आपटत होती. हत्याराला हात न लावता, पायजम्याच्या नव्या कोऱ्या नाडीने आम्ही ती करकचून बांधली. नंतर तिघांनी आळीपाळीने इतक्या फेऱ्या मारल्या, की पेट्रोल संपलं आणि गाडी ढकलत घरी आणली. संध्याकाळी मी बाटलीतून पेट्रोल आणून ओतलं.

दसऱ्याला सकाळी काका एसटीने आले. हातात पिशवी, पिशवीत स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूचा जाडजूड हार. नव्या गाडीला घालायला!

"काका, गाडी नाही देत," बायको म्हणाली. "आवाज सापडला तर ठेवायची, असं मीच बोलले होते. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

"आवाज गेला म्हंता? मंग तर लय चांगली झाली की गाडी. थोडं वाढवून देतो, ताई."

"नाही हो काका. काल मी शोधलाय तो आवाज. आता कशी देऊ?"

काकांनी पिशवीतून हार काढला आणि हँडलला घातला. "आणलाय तर ऱ्हाऊ द्या. परत कुठं नेऊ?"

बायकोने मला कोपराने ढोसलं. "अहो, बघताय काय? काकांना स्टँडवर सोडून या."

काका मागे बसले. पहिल्या खड्ड्यात त्यांनी मुद्दाम वाकून कान दिला. दुसऱ्यातही दिला. स्टँडवर उतरताना सीटवर हात फिरवत म्हणाले, "नाय वाजत. ताईंनी नेमकं आजच्या आधी शोधायला नको होतं."