चालत्या ट्रॉलीतला घड

दादाचा फोन आला तेव्हा मी लातूरला, शाळेच्या ग्रंथालयात होते. "वहिनी गेली गं तुझी," एवढंच तो बोलला. हृदयविकाराचा झटका, दवाखाना गाठायच्या आतच. त्याला आता काही आठवडे झाले. रेणुकावहिनींबद्दल लिहायचं तर त्यांच्या कामाबद्दलच लिहायला हवं. ते वगळलेलं त्यांना चाललं नसतं.

वहिनी मूळच्या चाकूरच्या. लग्न होऊन नांदेडला आल्या त्या स्वतःचा कॉम्प्युटर घेऊनच. ॲनिमेशनमधली पात्रं हलायच्या आधी त्यांच्या अंगात सांगाडा बसवावा लागतो. कोपर कुठं वाकेल, मूठ कशी मिटेल, धरलेली वस्तू सरकली तर हात तिच्यामागे कसा जाईल, हे सगळं आधी बांधून ठेवायचं. याला रिगिंग म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. त्याआधी मी चिडवायची, "वहिनी, अजून बाहुल्याच खेळून राहिल्या का?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "ताई, तुम्ही पुस्तकातल्या माणसांसाठी रडता ते चालतंय. मी माझ्या माणसांना हाडं बसवली की लगेच खेळ व्हय?"

त्या काम करायच्या तो स्टुडिओ हैदराबादला. अवघड दृश्यं घरून जमली तर नांदेडलाच राहा, नाहीतर ऑफिसात या, असं त्यांना बजावलेलं. दादाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान इथं नुकतंच बसलं होतं; ते उचलून नेण्यासारखं नव्हतं. म्हणजे वहिनी गेल्या असत्या तर संसार दोन गावांत झाला असता. अशात एका बागायतदाराच्या मुलीची गोष्ट त्यांच्याकडे कामासाठी आली. मुलगी ट्रॅक्टरच्या चालत्या ट्रॉलीबरोबर चालत वरच्या माणसाला केळीचा घड देते, एवढंच दृश्य. पण वहिनींनी घड आधी मुलीच्या हाताला जोडलेला, मग एका क्षणात तोडून वरच्याच्या हाताला. पडद्यावर तो हिसकावून घेतल्यासारखा दिसे. "ट्रॅक्टर थांबवून टाका," स्टुडिओतून निरोप आला, "नाहीतर मध्ये झाड घ्या, हात दिसणारच नाहीत." वहिनी भडकल्या. "हात झाकायचे तर मी कशाला पायजे?"

मी तेव्हा सुट्टीला नांदेडलाच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन जवळच अर्धापूरला गेल्या. केळीच्या बागेत माल भरणं चालू होतं. ट्रॉली हळूहळू पुढं सरकत होती, खालचा माणूस घड वर करून तिच्याबरोबर चालत होता. वरच्यानं घड धरला तरी खालचा सोडत नव्हता. तीनचार पावलं घड दोघांचाही होता. वरच्याचे खांदे ताठरत गेले, खालच्याचे सैल होत गेले, आणि मग खालच्यानं हात सोडला. वहिनी मोठ्यानं हसल्या.

"केळी बघून हसणारी बाई पहिल्यांदाच बघून राहिलो," खालचा माणूस म्हणाला.

"मामा, केळीला न्हाई, मी मलाच हसले. चालू द्या तुमचं."

घरी येऊन त्यांनी सगळं पुन्हा बांधलं. घडाचं ओझं आता एका हातातून दुसऱ्या हातात सावकाश उतरत होतं, मुलगी ट्रॉलीबरोबर तेवढी पावलं चालत होती. दृश्य पास झालं. ट्रॅक्टर थांबला नाही आणि वहिनीही हैदराबादला गेल्या नाहीत. पुढची सगळी वर्षं त्यांनी नांदेडच्या त्याच खोलीत काम केलं. बसमध्ये चढणारी, झोका धरणारी, पतंग ओढणारी किती पात्रं त्यांनी उभी केली! ती आजही कुणीतरी हलवत असेल, आणि त्यांचे हात निसटणार नाहीत, याची मला खात्री आहे.

परवा नांदेडला गेले होते. आमच्या घरात चहा म्हणजे कप समोर ठेवायचा आणि वळायचं, ही लहानपणापासूनची रीत. दादानं चहा केला, कप माझ्या हातात दिला. मी धरला तरी त्याची बोटं कपावरच होती.

"धरलंस का नीट?" त्यानं विचारलं.

"हाव."

मग त्यानं सावकाश हात काढला.