भेरूगढचं पाणी आणि आमची परिषद

कुठल्याही सरकारी कचेरीत दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान दिवाळीला तरी झटकली जाते. किस्से कुणी झटकत नाही, उलट जो तो त्यात आपल्या पदरचं थोडं घालून पुढच्याला देतो. मी सांगतेय त्यात मात्र पदरचं काही नाही. घालायची गरजच पडली नाही!

मी उज्जैनला शहराच्या परिषदेत बैठकांचं कामकाज लिहून घेते. कोण काय बोललं, शेवटी काय ठरलं, ते. माझे सासरे बँकेच्या बदलीवर इथे आले आणि परत जायचं विसरले, त्यामुळे आम्ही आता पक्के माधव नगरचे. घरी मराठी, कचेरीत हिंदी, आणि राग आला की दोन्ही.

इतकी वर्षं लिहून घेतेय, तरी एक कुतूहल काही केल्या जात नाही. निर्णय नेमका होतो कुठे? शाळेत शिकलो की तो सभागृहात होतो. मी तर सभागृहातच बसलेली असते, आणि मला तो होताना क्वचितच दिसलाय. म्हणून मध्यंतरी मी ठरवलं की एकच साधा विषय धरायचा आणि तो कुठे कुठे जातो ते बघायचं. हाती लागलं ते भेरूगढचं पाणी.

* * *

भेरूगढ म्हणजे भैरवगढ, आमच्याकडे लाकडी ठप्प्यांनी कपड्यावर छपाई करतात ती वस्ती. तिथल्या शकीला आपा एके दिवशी अर्ज घेऊन आमच्या शाखेत आल्या. बोटांची नखं कायमची लालसर, डोक्यावर पदर, आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या खोलीतल्या बाबूंनीही मान वर केली.

झालं होतं असं की त्या भागात नवी टाकी बांधली होती. इंजिनीअर साहेबांचं म्हणणं, ती दिवसा भरायची आणि नळ सकाळऐवजी संध्याकाळी सोडायचे. तसा प्रस्ताव परिषदेपुढे येणार होता. शहराच्या दृष्टीने सकाळ काय आणि संध्याकाळ काय, पाणी तेच. पण छापलेला कपडा सकाळी धुवून दिवसभर उन्हात वाळवावा लागतो. संध्याकाळी धुतला की रात्रभर ओला राहतो, रंग एकमेकांत उतरतात आणि माल वाया जातो.

"मेरा बेटा बोल रिया है, अम्मी, शाम का पानी हुआ तो मैं इंदौर चला," आपा म्हणाल्या. "गोदाम में नौकरी देख रखी है उसने. फिर ये ठप्पे मैं किसके हाथ में दूँ, ताई?"

मी म्हटलं, आपा, काळजी करू नका, परिषद सगळा विचार करूनच ठरवते. माझ्या शेजारच्या टेबलावर आमचे बडे बाबू पंड्याजी बसतात. त्यांना एकदम खोकला आला.

* * *

त्याच सुमारास नव्या आयुक्त मॅडम रुजू झाल्या. तरुण, हुशार, दूरच्या राज्यातल्या. त्यांची ती पहिलीच बैठक. विषयपत्रिकेवर भेरूगढचं पाणी होतं.

भेरूगढचे नगरसेवक ठाकूर भिया, इथे भैयाला भिया म्हणतात. विरोधी पक्षाचे नेतेही तेच. बैठकीत एका गटारीवरून ते असे काही भडकले की टेबलावरचा पेला आडवा झाला. "इस अंधी-बहरी परिषद में हम एक मिनट नहीं बैठेंगे!" म्हणून ते उठले आणि मागोमाग सगळे विरोधक बाहेर गेले. सभात्याग!

मॅडमचा चेहरा उतरला. पहिल्याच बैठकीत हे. त्यांनी वाकून पंड्याजींना विचारलं, "अब क्या करना होगा?"

पंड्याजी कागद आवरत शांतपणे म्हणाले, "आप भी चलिए, मैडम. पोहे ठंडे हो जाएँगे."

बाहेर व्हरांड्यात पोह्यांची परात आणि जिलब्या येऊन थांबल्या होत्या. मला नंतर कळलं की ठाकूर भियांनी सकाळीच पोह्यांची वेळ विचारून घेतली होती. दोन्ही पक्ष एकमेकांच्या बशीत शेव टाकत होते. ज्या गटारीवरून भांडण पेटलं, ती गटार बशी संपायच्या आत मंजूरही झाली. मी घाईघाईने वही आणायला गेले, तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, पहले खा लो. लिखना तो होता रहेगा."

आत परतल्यावर सगळ्यांनाच सुस्ती आली होती. भेरूगढचं पाणी पुढच्या बैठकीवर गेलं.

* * *

पुढच्या बैठकीत तो विषय अगदी शेवटी होता. त्याच्या पुढच्या बैठकीतही शेवटी. लोक घड्याळ बघायला लागले की त्याची पाळी यायची आणि तो पुढे ढकलला जायचा. प्रेक्षकांच्या बाकावर आपा दर वेळी येऊन बसत आणि दर वेळी मला विचारत, "ताई, हमारा नंबर हमेशा आखरी में काए को?"

मलाही प्रश्न पडला. विषयांचा क्रम लावतात पंड्याजी. एकदा ते पत्रिका तयार करत असताना मी हळूच डोकावले. बाजूला पंचांग उघडं होतं. इतक्या वर्षांत मला याचा पत्ता नव्हता! पंड्याजी विषय लावायचे ते चौघडिया, म्हणजे दिवसाचे शुभ-अशुभ भाग, बघून. बागेचं उद्घाटन अमृतात. करवाढ लाभात. रस्ते खोदायचं काम चल चौघडियात, म्हणजे ते चालत राहील. आणि ज्यात वादावादी व्हायची शक्यता, ते सगळं काळात, म्हणजे त्याला काही हातच लागणार नाही.

मी म्हटलं, पंड्याजी, ज्या गावावरून जुन्या काळी सगळ्या देशाची वेळ मोजायचे, तिथे तुम्ही हे करता, तर बैठक तरी वेळेवर सुरू करा.

ते म्हणाले, "बैठक देर से शुरू होती है, तभी तो झगड़े के विषय काल चौघड़िया तक पहुँचते हैं."

मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी भेरूगढचं पाणी काळातून काढून शुभात टाकलं. वर म्हणाले, आता काही बरं-वाईट झालं तर मला बोलायचं नाही.

* * *

शुभात आल्याबरोबर विषय हलला. ठरलं की समितीने जागेवर जाऊन पाहणी करावी. कामकाज लिहायला मीही गेले.

गाडी सकाळी निघाली. आता उज्जैनमध्ये गाडी सरळ जात नाही हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. वाटेत प्रत्येकाचा कुणी ना कुणी देव लागतो, आणि आपला देव आला की उतरावंच लागतं. एकासाठी गाडी थांबली आणि दुसऱ्यासाठी नाही, असं केलं तर त्याचंही राजकारण होतं. मॅडम सुरुवातीला घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या देवळानंतर त्यांनीही चप्पल काढायला सुरुवात केली.

भेरूगढला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समितीने आपांच्या अंगणातला नळ उघडला. कोरडा. अध्यक्षांनी खाली हात धरून बघितला. दुसऱ्याने तोटी उलटी फिरवून बघितली.

"साहब, पानी सुबह आता है," आपा म्हणाल्या.

"पर अभी तो नहीं आ रिया ना?"

समितीने तिथेच ठरवलं की या वस्तीत पाण्याची फार टंचाई आहे, ताबडतोब टँकर द्यावा. दुसऱ्या दिवसापासून टँकर यायला लागला. येतो कधी, तर सकाळी, नळाला भरपूर पाणी असताना. गल्ली अरुंद, म्हणून त्याला आत घ्यायला आपांना वाळत घातलेले कपडे रोज दोऱ्यांवरून उतरवावे लागत. मला हसू येत होतं आणि आपांकडे बघितलं की वाईट वाटत होतं.

* * *

अखेर मतदानाचा दिवस उजाडला. त्या दिवशी मी आपांना स्वतः सांगितलं होतं की काम होईल. ठाकूर भिया विरोधात बोलले आणि खरंच चांगलं बोलले. सत्ताधारी पक्षातलेही बरेच जण माना डोलावत होते. आपांचा मुलगाही आला होता, भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, आज पहिल्यांदा निर्णय सभागृहात होताना बघायला मिळणार.

अध्यक्षांनी विचारलं, "भैरवगढ़ में जलप्रदाय शाम को हो, इसके पक्ष में जो हैं, हाथ उठाएँ."

तेवढ्यात दार उघडलं. बापू आत आले. बापू आमच्या परिषदेतले सर्वांत ज्येष्ठ, नेहमी उशिरा येणारे आणि नेहमी दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार करणारे.

"जय महाकाल!" बापू म्हणाले.

आता उज्जैनमध्ये कुणी दोन्ही हात वर करून जय महाकाल म्हटलं, तर खाली हात ठेवून बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे. सगळ्या सभागृहाने हात वर केले. सत्ताधारी, विरोधक, ठाकूर भिया, दारातला शिपाईसुद्धा.

अध्यक्ष चष्म्यातून खाली कागदाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर नुसते हातच हात. "सर्वसम्मति से पारित," ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

एकच गोंधळ उडाला. ठाकूर भिया ओरडायला लागले की माझा हात ठरावासाठी नव्हता, महाकालसाठी होता. अध्यक्षांना चूक कळली असणार, पण घंटी वाजली होती. ते हात जोडून म्हणाले, "ठाकुर भिया, महाकाल के नाम पे उठा हाथ अब नीचे कैसे लोगे? अच्छा लगेगा?"

ठाकूर भिया खाली बसले. पंड्याजींनी माझ्या कानात सांगितलं, लिहा, सर्वसंमतीने. मी लिहिलं. आणि एकदा झालेल्या ठरावावर इतक्यात फेरविचार करता येत नाही, असाही नियम आहे.

आपा बाकावरून उठल्या. मला म्हणाल्या, "ताई, हाथ तो मैंने भी उठाया था." आणि मुलाचा हात धरून निघून गेल्या.

* * *

नळ संध्याकाळी यायला लागले. ठरावाची अंमलबजावणी इतक्या तातडीने झालेली मी दुसरी पाहिली नाही. आपांच्या मुलाने इंदूरला जायची बॅग भरली. पण आईने त्याला एक काम संपेपर्यंत थांबवून घेतलं. ते काम आमचंच होतं.

दुसऱ्या एका शहराचे नगरसेवक आमचं कामकाज बघायला येणार होते. काय बघणार होते, देव जाणे! मॅडमनी ठरवलं की स्वागताला हारतुरे नकोत, भेरूगढच्या छपाईचे दुपट्टे द्यायचे. पाहुण्यांना आणि आपल्या सगळ्या सदस्यांनाही, म्हणजे फोटो एकसारखा येईल. ठाकूर भियांनी ते काम आपांना मिळवून दिलं. बिचाऱ्यांच्या मनाला ते मतदान फार लागलं होतं.

थंडीचे दिवस होते. सदस्य पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे कुडते घालून आले होते. आपा आणि त्यांचा मुलगा दोन गाठोडी घेऊन आले. पंड्याजींनी सुचवलं की दुपट्टे आपांनीच आपल्या हाताने घालावेत, कारागिराचा मान राहील. मॅडमना कल्पना आवडली.

आपांनी पहिलं गाठोडं सोडलं आणि पाहुण्यांना दुपट्टे घातले. सुरेख, खडखडीत वाळलेले, लाल-काळ्या बुट्ट्यांचे. पाहुणे हात फिरवून फिरवून बघत होते. टाळ्या झाल्या.

मग मुलाने दुसरं गाठोडं सोडलं. मी जवळच बसले होते, मला ओल्या कपड्याचा वास आला. आपांनी अध्यक्षांच्या गळ्यात दुपट्टा घातला, तशी त्यांनी अंग एकदम चोरलं. पण समोर फोटोवाला, म्हणून हसू तसंच ठेवलं. त्यांच्या कॉलरवर लाल रंग उतरायला लागला. शेजारी बापू, मग त्यांच्या शेजारचे. आपा एकेकाला शांतपणे, दोन्ही हातांनी, खांद्यावर नीट बसवून दुपट्टा घालत पुढे सरकत होत्या. मागे पांढऱ्या कुडत्यांची रांग छातीपर्यंत लाल होत चालली होती. कुणाला काही बोलता येईना, कारण पाहुणे टाळ्या वाजवत होते.

ठाकूर भियांनी मात्र गळ्यातला दुपट्टा चिमटीत धरून बघितला. "आपा," ते हळूच म्हणाले, "ये तो गीला है."

"हओ भिया," आपा म्हणाल्या, "शाम का पानी है." आणि पुढच्या गळ्याकडे वळल्या.