डिकीतली बॅटरी आणि वंदूची साडी

गाडीची बॅटरी बॉनेटखालीच असली पाहिजे, हे मला मान्य नव्हतं. हाताशी सेकंडहँड गाडी, अंगात आयटीआयची वायरमनकी आणि धाकट्या बहिणीचं, वंदूचं लग्न तोंडावर! ऐन वेळी हॉलची लाइट गेली तर गाडीवर स्पीकर चालला पाहिजे, म्हणून मी बॅटरी उचलून थेट डिकीत बसवली. तिथून एक जाड वायर पुढे इंजिनला, बाजूला फ्यूजचा डबा, त्यातून एक लाइन स्पीकरला, एक दिव्यांना, एक हॉर्नला. सोनिवलीच्या आमच्या अंगणात रोज संध्याकाळी वंदू टॉर्च धरून उभी राहायची आणि आम्ही हसत बसायचो. (म्हणजे ती हसायची. मी पडलेला स्क्रू शोधायचो.) आता ती अंबरनाथला, गाडी भंगारात. त्या संध्याकाळी फार आठवतात.

उल्हासनगरच्या दुकानदारानं एक मेन स्विच गळ्यात मारला. "लगाओ साईं, सेफ्टी है! ये बंद, तो पूरी गाडी बंद!" मी तो लावला. कुठे? डिकीत, बॅटरीच्या शेजारी. डिकीचं कुलूप गंजलेलं, ते काढून पत्रा ठोकला आणि उघडायला ड्रायव्हरपाशी बटण दिलं. बटण दाबलं की खटकन डिकी उघडायची. काय रुबाब!

लग्नाच्या दिवशी बेलवलीच्या हॉलवर पोचलो. आई म्हणाली, "साडीची बॅग डिकीतच राहू दे. इथं गर्दी आहे." ती साडी बाबांनी जायच्या आधी वंदूसाठी घेऊन ठेवली होती. वंदूनं बजावलं होतं, नेसेन तर तीच. मी जबाबदार भाऊ! सेफ्टी म्हणून मेन स्विच बंद केला आणि धाडकन डिकी लावली.

मुहूर्त जवळ आला. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. अंगठा दुखला.

"काय झालं रे?" आई.

"गाडीत करंट नाही."

"मग चालू कर!"

"स्विच डिकीत आहे."

"मग डिकी उघड!"

"तिला करंट लागतो, आई."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा शाळेत जावंसं वाटलं. आत्या तर कमरेवर हात ठेवून ओरडलीच, "आरं मेल्या, बहिणीचं लगीन हाय का तुझं गॅरेज?"

तिकडे आमची धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले गाणारी म्हातारी, साडी येईपर्यंत गाणं लांबवत होती. देव संपले, सोयरे संपले, मग तिनं मलाच धरलं. "नवरीचा दादा कारागीर गोऽ, साडी डिकीत कोंडली गोऽ!" आणि बायका मागून झील धरतायत! नवऱ्याकडचे खुर्च्या फिरवून बसले.

शेवटी मी मागची सीट उपटली आणि फेटा सांभाळत डिकीकडच्या भोकात शिरलो. खांदे गेले. पोट गेलं नाही. (लग्नघरचे लाडू चाखायचं काम माझ्याकडेच होतं.)

"ढकला!" मामा ओरडले.

"नका ढकलू!" मी आतून ओरडलो.

बहुमत मामांच्या बाजूनं होतं. त्या धक्क्यात माझा हात स्विचवर पडला, कुणीतरी पुढून बटण दाबलं आणि खटकन डिकी उघडली. समोर अख्खं वऱ्हाड, आणि डिकीत साडीच्या बॅगेशेजारी माझं फेट्यातलं मुंडकं! फोटोग्राफरनं संधी सोडली नाही.

वंदू बाबांच्या साडीत बाहेर आली तेव्हा मात्र सगळं विसरलो. बाबा असते तर किती खूश झाले असते! मी डोळे पुसले, हाताला ग्रीस होतं, मुहूर्तावर तसाच उभा राहिलो.

पाठवणीला वंदू गळ्यात पडली. ती हुंदका देणार म्हणून मी खांदा सरसावला, तर कानात म्हणते, "दादा, ती पुढे गेलेली जाड वायर आहे ना, तिला मामांच्या गाडीची बॅटरी जोडली असती तर बटण चाललं असतं की!"

"अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं? मला सांगितलं, दादा साडी आणतोय."

मी हंबरडा फोडला. पाहुण्या बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बघा, बहिणीवर केवढा जीव!" जीव होताच हो. पण त्यातलं निम्मं रडणं वायरिंगचं होतं!