बोटीवरून उतरले ती थेट घरी

सांगायचासुद्धा कंटाळा आलाय हो, पण समोरची शैला नाहीतरी सगळीकडे सांगत सुटलीच आहे. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. घ्या, चहा घ्या.

आमच्या नेहानं पुण्यात बसून आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझचं बुकिंग केलं. जेद्दाहून निघायचं, लाल समुद्रात फिरायचं, परत जेद्दा. वर दम दिला, "आई, तू काहीही करायचं नाहीस. फक्त आराम!"

काहीही न करणं सोपं वाटलं का तुम्हाला? खा, लोळा, परत खा. सकाळी मी टॉवेलची छान घडी घालावी, तर खोली आवरणारा येऊन त्याचा हंस करून जायचा! मोडला तर संध्याकाळी हत्ती! डेकवरच्या त्या लांबलचक खुर्चीनं माझी कंबर धरली ती धरलीच. आरामानं माणूस एवढा शिणतो, हे मला माहीतच नव्हतं.

बरं, बोलायला तरी कोणी? शेजारच्या केबिनमधल्या बाईला नुसतं विचारलं, "किधर के आप? बच्चे कितने?" तर ती गोड हसली आणि दार लावून घेतलं. दार! आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची टाप आहे का?

पुढच्या दिवशी उजाडताच पडदा सारला, तर समोर बंदर आणि धुराड्यांची रांग.

"अहो, उठा! ही धुराडी ओळखीची वाटतात."

यांनी एक डोळा उघडला. "ओळखीची काय! माझ्याच रिफायनरीची आहेत ती."

म्हणजे बघा! एवढी वर्षं आम्ही इथे सौदीत, यानबूत राहतोय, आणि एवढ्या मोठ्या समुद्रात आमच्या बोटीचा मुक्काम कुठे? तर यानबूला! बिल्डिंगभर मी 'परदेशी चाललोय' म्हणून सांगून आले होते.

"मी नाही उतरणार," हे म्हणाले. "इथे पाय ठेवला की ड्यूटीवर आल्यासारखं वाटतं." आणि कूस बदलून घोरायला लागले.

मी मात्र उतरले. चारच्या आत परत या, असं बजावून बोटीवाल्यांनी आम्हाला बसमध्ये बसवलं. गाईड जुनं गाव दाखवायला लागला. मीही मागच्या सीटवरच्यांना दाखवत होते, कुठे मसाला चांगला मिळतो आणि कोण वजनात मारतो.

मग आला मच्छीबाजार. पाहुणे मंडळी नाकाला रुमाल लावून उभी, आणि आमचा नेहमीचा बंगाली मच्छीवाला लांबूनच ओरडला, "भाभी! आज साब नहीं आया?"

झालं! पाय आपोआप वळले. काय सुरमई होती म्हणून सांगू! कल्ले लालभडक, अंगावर नुसती चांदी. "पिछले हफ्ते का भाव लगा, नहीं तो मैं चली!" मी पदर खोचून घासाघीस करतेय आणि आमच्याच बसमधले गोरे लोक माझे फोटो काढतायत. त्यांना वाटलं, इथलीच अस्सल बाई सापडली!

तुकड्या करून पिशवी हातात आली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही आता शिजवायची कुठे? बोटीवर? हंसासमोर?

आता तुम्हीच सांगा, सुरमई टाकून द्यायची? गुहागरच्या माणसानं? घर टॅक्सीनं जवळ. म्हटलं, फ्रीजरमध्ये टाकते आणि येते. वेळ चिक्कार होता.

पण घरात शिरले आणि वाटलं, ताजी मच्छी फ्रीजरमध्ये? पाप लागेल. चार तुकड्या तळू. यांना डब्यातून नेऊ. तवा तापला, चर्र झालं, आणि बोटीवर बसल्यापासून पहिल्यांदा माझी कंबर दुखायची थांबली.

तेवढ्यात दारात चावी फिरली.

"कौन है? बाहर आओ! पुलिस को बुलाया है!"

शैला! हातात फरशी पुसायचा वायपर, भाल्यासारखा धरलेला. मीच तिला चावी देऊन गेले होते. म्हणाले होते, घरात खुट्ट झालं तरी बघ.

"अगं, मी आहे!"

"वहिनी? तुम्ही बोटीवर ना?"

"बोट इथे आलीय."

"इथे? यानबूत? मला वाटलं, चोर सुरमई तळतोय!"

हसून हसून मुरकुंडी वळली आमची. मग तिला गरम तुकडी वाढली. खाता खाता म्हणते कशी, "बरं झालं आलात. खालच्या नव्या जोडप्याचं कळलं का?"

घड्याळ समोरच होतं, हो. मला दिसत होतं. पण शैला म्हणाली, "आणि मग ती रडत रडत वर आली…" आणि काटा काढायला थांबली! अशा जागी कोणी उठतं का?

काटा निघतोय, तोच बंदरावरून भोंगा झाला. खिडकीतून पाहते, तर पांढरीशुभ्र बोट डौलात चाललेली. आमच्या यांना घेऊन.

फोन वाजला. "अगं, भोंग्यानं जाग आली. कुठल्या मजल्यावर आहेस?"

"दुसऱ्या."

"मीपण दुसऱ्यावरच शोधतोय. दिसत नाहीस ती?"

"आपल्या बिल्डिंगच्या दुसऱ्या!"

मग म्हणाले, "सुरमई घेतलीस ना? मला ठेव दोन तुकड्या."

बोट थांबवा म्हणाले का? छे! क्रूझ संपवून हे जेद्दाहून घरी आले, ते चेहऱ्यावर तेज घेऊन. शेवटचे दिवस फार छान गेले म्हणे.

मग मी शैलाला विचारलं, "मी नव्हते तेव्हा बिल्डिंगमध्ये कसं काय होतं गं?"

"खरं सांगू, वहिनी? फार निवांत. सगळे जिन्यानं ये-जा करत होते. एरवी तुमच्या दारावरून जायला नको म्हणून लिफ्टसाठी ताटकळतात ना!"

म्हणजे बघा, क्रूझ माझी. आराम झाला यांना आणि अख्ख्या बिल्डिंगला. दमले तेवढी मी.

निघालात? बरं. दार मात्र उघडंच राहू द्या हं. लिफ्टचा आवाज आला आत्ता.