पांढरकवडा ते इंदूर, नायट्रोजनच्या डब्यासह

सायलीचा फोन आला तेव्हा मी वाचनालयाचं पुस्तक परत करायच्या आधी त्याची शेवटची पानं घाईने वाचत होते. सायली म्हणजे माझी सून. मुलाची नोकरी हैदराबादला, आणि ती तिथेच पीएच.डी. करते. मी पांढरकवड्याला एकटी असते.

"आई, माझ्यासोबत इंदूरला येता का? बरोबर येणारी मैत्रीण आजारी पडली, आणि डबा एकटीला झेपणार नाही."

मी आधी हो म्हटलं, मग विचारलं, डबा कसला?

तिच्या कामाबद्दल मला कळलं ते असं. रोगजंतूंमधलं एक प्रथिन वेगळं काढून त्याचे स्फटिक वाढवायचे. साखरेच्या दाण्याहून बारीक. इंदूरला एक मोठं यंत्र आहे, त्याच्या क्ष-किरणांत स्फटिक धरला की ठिपक्यांचं चित्र उमटतं. त्या ठिपक्यांवरून गणित करून प्रथिनाचा आकार काढतात. त्या आकारात एखादी खाच सापडली, तर तिच्यात अडकून बसेल असं औषध घडवायचं. सायकलच्या चेनमध्ये काडी अडकावी तसं. जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू अशाने थांबतील, अशी आशा.

तसे जंतू असतात हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमचे हे हाताच्या साध्या जखमेने गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, एकही लागू पडलं नाही. लोकांना वाटतं सुनेने सासऱ्यासाठी हा विषय घेतला. तसं नाही. ती आधीपासून त्यातच आहे, आणि यांची-तिची भेट कधी झालीच नाही.

ती पहाटे हैदराबादच्या ट्रॅव्हल्समधून बायपासवर उतरली. स्फटिक डब्यात द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवावे लागतात, ऊब लागली की संपले. वर्षभराच्या मेहनतीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच चांगले निघाले होते, आणि यंत्रावरची तिची पाळी दुसऱ्या दिवशी होती. हुकली तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. डबा अंगणात ठेवला आणि आम्ही दोघींनी पाहिलं, बाहेरून पांढरं दव गोठलं होतं, म्हणजे आतली थंडी बाहेर झिरपत होती.

"व्हॅक्यूम गेला," आम्ही एकदमच म्हणालो.

तिने वळून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे सासरे जन्मभर असाच डबा मोटरसायकलला बांधून गावोगाव फिरले."

सासरे गुरांच्या दवाखान्यात होते एवढं तिला ठाऊक होतं. गाईंच्या कृत्रिम रेतनाचं बीजही याच थंडीत ठेवतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भेटले असते तर दोघं डब्यावरच बोलत बसले असते.

चहा होतो न होतो तोच शेजारच्यांनी खबर आणली. कापसाच्या भावासाठी हायवेवर रास्ता रोको, नागपूरकडे एकही गाडी सुटत नाही. आमच्याकडे हे नवीन नाही. सायली कपाळ धरून बसली. नागपूरपर्यंत डबा तग धरणार नव्हता.

नायट्रोजन गावातच होता, आणि कुठे होता हे मला माहीत होतं. पण हे गेल्यापासून मी दवाखान्याच्या रस्त्याने गेले नव्हते. भाजीलाही वळसा घालून जायची. सायलीला त्यातलं काही सांगितलं नाही. चप्पल घातली आणि म्हटलं, चल.

गेडामभाऊ म्हणजे आमच्या ह्यांच्या हाताखाली काम केलेले, आता तेच सगळं बघतात. मला बघून ते हातातली बादली ठेवायची विसरले.

"वहिनी, तुमी? गाय आनली का?"

"गाय नाही भाऊ, सून आनली."

बाहेर गाय घेऊन बसलेले एक म्हातारबा डबा बघून सरसावले. "कोनतं बीज हाय, पोरी? जर्सी का?"

"जंतूंचं आहे, आजोबा. त्यांचं प्रथिन."

"मंग दूध किती देते?"

सायली सकाळपासून पहिल्यांदा हसली.

गेडामभाऊंनी डबा फिरवून पाहिला. "याच्यात कितीबी टाका, रात्रीलोक उडून जाते." मग आत जाऊन एक लहान डबा घेऊन आले. कडीला निळी चिंधी गुंडाळलेली. ती माझ्याच जुन्या लुगड्याची, हाताला कडी रुतते म्हणून मीच बांधून दिली होती.

"साहेबानं सोताच्या पैशानं घेतलेला. तुमच्या घरी आनून द्याचा होता, पन मले हिंमतच नाही झाली. वापरून राह्यलो. पक्का हाय अजून."

त्यांनी तो भरला. पांढरा धूर जमिनीवरून सरपटत माझ्या पायाशी आला. सायलीने चिमट्याने स्फटिकांच्या कुप्या एकेक करून भराभर आत सोडल्या, श्वास रोखूनच. मी चिंधीकडे बघत उभी राहिले.

"भाऊ, हा नेते, पन परत आनून देते."

"आना. गायी थांबून राहतीन."

हायवेवर कापसाच्या गाड्या आडव्या लावलेल्या. रिकामा डबा माझ्याकडे, भरलेला सायलीकडे. एका पोराने वाट अडवली, पण त्याच्यामागचा माणूस म्हणाला, "डॉक्टरचा डबा हाय ना तो, जाऊ दे." दोघांनी बैलगाडी सरकवली.

"कोनाची गाय हाय, मावशी?"

"इंदूरची."

"येवढ्या लांब? मंग पाय उचला."

पलीकडे परत फिरणारी एस.टी. मिळाली. पदराला कापूस चिकटला होता, तो नागपूरपर्यंत वेचत बसले. तोवर रेल्वे निघून गेली होती, म्हणून बैतूलमार्गे इंदूरची स्लीपर ट्रॅव्हल्स धरली. तुम्ही जाणार असाल तर रेल्वेच बरी. बैतूलच्या घाटात पोटातलं पाणी हलतं आणि डबा मांडीवर धरला तर झोप विसरायची.

यंत्राच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने चिंधीवर बोट ठेवलं. "अम्मा, यह भी सरकारी है?" म्हटलं, नाही बाबा, घरचा आहे. मला आत सोडत नव्हते, ते बरंच झालं. मी गेस्ट हाऊसवर सामान टाकून बाहेर पडले. सकाळी पोहे-जिलेबी खावी. पोह्यांवर शेव आणि बडीशेप घालतात, आपल्या तिखट तर्रीपोह्यांची सवय असेल तर आधी गोड लागतात, नंतर आवडतात. राजवाड्याजवळ रिक्षावाले दुप्पट सांगतात, निम्म्यावर येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायली आली ती डोळे तांबारलेले. माझ्या शेजारी येऊन बसली.

"पहिल्या दोन स्फटिकांवर बर्फ धरला होता. फुकट गेले."

"आणि बाकीचे?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. करड्या पडद्यावर काळे ठिपके, मधून कडेपर्यंत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पण गोल गोल गेलेले.

"कडेपर्यंत आलेत, आई. एवढे चांगले मला कधीच मिळाले नव्हते."

खाच दिसली का, विचारलं. ती दिसायला अजून महिने लागतील म्हणाली, आणि औषध व्हायला तर कितीतरी वर्षं, झालं तर. मग मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. तिच्या केसांना अजून कापूस होता.

परत आल्याला आता आठवडा झाला. इंदूरहून आणलेली शेव संपली. औषध कुणाच्या कामी कधी येईल मला सांगता येत नाही, आणि यांच्या कामी ते येणार नव्हतंच. तरी ते ठिपके डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले. चिंधी विरली होती, म्हणून नवी बांधली. गेडामभाऊंनी विचारलं, "काय निंगालं, वहिनी?" म्हटलं, ठिपके. त्यांनी मान हलवली, डबा मोटरसायकलला बांधला आणि मंगी गावच्या गाईकडे निघून गेले. ते वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

भाजीला आता त्याच रस्त्याने जाते. जवळ पडतो.