पालीच्या वळणावरचा चिरा

हे मी भागीला सांगितलं नाही. ती माझी बायको होती, चाळीसच्या वर वर्षं माझ्या घरात नांदली आणि गेली, तिलाही नाही. भावाला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कोणी नाही — म्हणूनच सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, आणि मला नजर लगेच कळते. मी तिसरीपर्यंत शिकलो. लिहिताना चुकेल. पण खोटं लिहिणार नाही, ते एकदा बोलून झालेलं आहे.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा लाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या शेटच्या दोन होत्या. एक गावची — बंदरावर उतरलेला माल घ्यायचा, बाजारात टाकायचा, उरलेला हातखंब्यावरून पालीपर्यंत पोचवायचा आणि दिवेलागणीला घरी. दुसरी घाटाची — आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर. गूळ आणायचा, इकडची सुकी मासळी नि कौलं न्यायची. त्या गाडीवर गेलेला माणूस आज गेला तर उद्या रात्री, नाहीतर परवा. मी घाटाचा ड्रायव्हर होतो. गावच्या लारीवर रघू होता.

बंदरावर माल भरेपर्यंत आम्ही ड्रायव्हर लोक हाच वाद घालायचो. दिवसाची बरी की रात्रीची? घाटवाल्याला भत्ता जास्त, मान जास्त. घाटात गाडी घालणारा म्हणजे कोणीतरी, लोक वाट सोडायचे. पण मलकापूरच्या थंडीत गुळाच्या ढेपांना टेकून झोपायचं, सकाळी परक्याच्या विहिरीवर तोंड धुवायचं. गावच्या लारीला मान नाही, दिवसभर शेटची नजर, पण जेवायला घरचं ताट. रघू मोठा बोलका. भंडाऱ्याचा मुलगा, अंगानं किडकिडीत, तोंडानं सैल. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू घाटात कुडकुड बाबा. मी हाय ना, रोज तुज्या दारावरनं जातंय. घराकडं लक्ष ठेवीन."

सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही नसतात हसलात?

माझं घर खेडशीला, अगदी सडकेला लागून. लारीच्या नोकरीसाठीच तिथं बांधलं होतं. भागी दिवसभर एकटी. मी घाटातून आलो की आधी घरात शिरत नसे — आधी सडक बघत असे. ही धंद्याची खोड. ड्रायव्हरला माणसाचा चेहरा विसरायला होईल, पण चाकाचा ठसा नाही. रघूच्या लारीच्या मागच्या डाव्या टायरला चामड्याचं ठिगळ होतं, तांबड्या धुळीत त्याचा अर्ध्या चंद्रासारखा वण उठायचा. तो वण आमच्या बेड्याजवळ, कुंपणाच्या फाटकाशी, सडक सोडून आत आलेला दिसला. एकदा नाही. प्रत्येक वेळी. आणि वणाच्या पुढं तेलाचा डाग. त्या लारीचं तेल ठिबकायचं हे मला ठाऊक. पळत्या गाडीचं तेल सडकेवर ठिपक्याठिपक्यानं पडतं, उभ्या गाडीचं एका जागी साचतं. हा डाग चांगला तळहाताएवढा होता. म्हणजे गाडी उभी होती. नुसती टेकली नव्हती — चांगली उभी होती.

मी भागीला विचारलं का? नाही. विचारणं म्हणजे आपल्याला संशय आला हे कबूल करणं, आणि मी कोणापुढं असा वाकणारा माणूस नव्हतो. मी फक्त बघत राहिलो. ती पेज वाढायची, मी तिच्या हाताकडं बघायचो. ती गप्प असली तर वाटायचं, लपवते आहे. बोलली तर वाटायचं, लपवायला बोलते आहे. दोन महिने मी घाटात गाडी चालवली ती अशी. वळणावर दरी दिसायची आणि मला दिसायचा तो तेलाचा डाग.

मग मी शेटकडे गेलो. काय सांगितलं? सांगितलं की मला रात्रीचं दिसत नाही. अंधार पडला की खड्डा कळत नाही, कडा कळत नाही.

हे खोटं होतं. माझी नजर घारीची. पण दिवसाची गाडी मागायला दुसरं कारण काय देणार? बायकोवर विश्वास नाही म्हणू? शेटचा चेहराच उतरला — माझ्यासाठी नव्हे, लारीसाठी. म्हणाला, "आधी का नाय बोललास रे? गाडी दरीत घातली असतीस माझी." त्याच दिवशी त्यानं गाड्या बदलल्या. रघू घाटावर, मी गावात.

रघू रागावला नाही. गाडी सुरू करायचं हँडल माझ्याकडं देत म्हणाला, "रातांधळ्या, दिवसा तरी सरळ चालव." मग जवळ आला, आवाज उतरवला. "तुला एक सांगायचा हाय. पालीच्या वळणावर —"

मी त्याला तिथंच तोडलं. "तू तुझी गाडी सांभाळ. माझं मी बघतो."

त्याला वाटलं असेल, याला माहीत आहे आणि याला नको आहे. त्यानं मान हलवली आणि तो गेला. मला वाटलं, चोराच्या तोंडून आता गोड बोलणं येतंय. असं होतं माझं डोकं.

आता थोडं मागं जावं लागतं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी आई, आयस, पालीला होती. पाली आमचं मूळ गाव. बापूस गेल्यावर जमिनीची वाटणी झाली. बांधावरचा फणस कोणाचा यावर मी आणि थोरला भाऊ अडून बसलो. पंचांनी आयशीला विचारलं. ती म्हणाली, थोरल्याचा. मला पक्कं ठाऊक होतं की बापसानं तो मला दिला होता — ती माझ्यासमोर, गावासमोर, थोरल्याच्या बाजूनं बोलली. त्याच तिरमिरीत मी देवळात गेलो, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं की माझ्या घरचा दाणा हिच्या चुलीला लागणार नाही. सगळ्या गावानं ऐकलं. पुढं थोरला बायकोला घेऊन मुंबईला गिरणीत गेला. आयस एकटी राहिली, डोळ्यांत फुलं पडलेली, दिसणं जवळजवळ गेलेलं. लोकांनी मला सांगितलं, घेऊन ये तिला. मी म्हटलं, तिनं यावं, चुकलं म्हणावं. दाणा द्यायचा नाही म्हणालो होतो, दार बंद म्हणालो नव्हतो. बघा, कसं शब्दात धरून ठेवलं होतं मी.

गावच्या लारीवरचा माझा पहिला फेरा. सकाळची उन्हं पडलेली, स्वच्छ. पालीत शिरायच्या आधी जे वळण आहे तिथं जांभा दगडाचा एक चिरा पडलेला असायचा. त्या चिऱ्यावर आयस बसली होती. लारीचा आवाज ऐकून ती उठली आणि सडकेच्या कडेला आली. दोन्ही हातांत पितळेचा डबा धरलेला, रिकामा — मला तो डबा ओळखू आला. भागीनं माहेराहून आणलेला, एका बाजूला चेपलेला. आणि तिच्या पायाशी धुळीत तो अर्ध्या चंद्राचा वण, पुढं तेलाचा काळा डाग.

मला एका झटक्यात सगळं कळलं. रघू माझ्या दाराशी थांबायचा तो पेज घ्यायला, इथं थांबायचा तो ती ह्या डब्यात ओतायला. भागी माझ्या आयशीला पेज पाठवत होती. नवऱ्यानं देवापुढं बोललेला शब्द तिनं रोज चुलीवर शिजवून मोडला होता.

मग संशय गेला का? तुम्हाला वाटेल, गेला. नाही गेला — नुसता दुसऱ्या जागी जाऊन बसला. आता मला वाटलं, हे तिघं मिळून मला फसवत होते. रघू बंदरावर हसायचा तो हेच हसायचा. मी गावासमोर ताठ उभा, आणि माझ्या पाठीमागं माझ्याच घरातून डबा जातो. बायको दुसऱ्यावर गेली असती तर मी तिला हाकलून दिली असती आणि लोक मला बरोबर म्हणाले असते. ह्याला काय म्हणणार होतो मी?

मी गाडी थांबवली नाही.

मागून तिचा आवाज आला. "रगू, आज थांबलास नाय रे बाबा?" नुसतं विचारणं. रागाचा शब्द नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा भागी दारात उभी होती. शेटला सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं. पायरी उतरून आली, माझा हात धरला आणि मला आत नेलं, जसं काही मी अंधळाच. पुढं ती मला शेवग्याचा पाला खायला घालू लागली, बाजारातून बकऱ्याची कलेजी मागवू लागली, डोळ्यांना चांगली म्हणून. मी खाल्ली. संध्याकाळ झाली की चाचपडायचो. एकदा सवय लागली की चाचपडायला काही कष्ट पडत नाहीत.

एकदा वाढता वाढता तिनं विचारलं, "अवो, पालीला जाताव, तर कोण भेटतं काय वाटेत?"

मी म्हटलं, "कोण भेटायचंय?"

"तसा नाय. आपला विचारला."

ती वाट बघत होती की मी एक शब्द बोलावा. मी वाट बघत होतो की तिनं कबूल करावं. तिनं कबूल केलं असतं तर मी डबा नेला असता का? पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. नेला असता असं म्हणायला मला आवडेल. भागीनं आणखी कोणाकोणाच्या बैलगाडीतून पेज पाठवून बघितली असणार, कारण पेजेचं भांडं मध्येच घरी दिसायचं, मध्येच नसायचं. पण बैलगाडी रोज कुठली मिळणार?

आयस मात्र रोज चिऱ्यावर. लारी आली की उठायची. मी वळणाच्या आधी गाडीचा वेग वाढवायला लागलो. धूळ उडाली की मागचं काही दिसत नाही. तिला कोणी सांगितलं नसेल का, की आता रघू नाही, तुझा मुलगा आहे? पालीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर वाटायला लागलं की तिला गावानंच तिथं बसवलंय, मला शरम यावी म्हणून. ज्या दिवशी ती दिसली नाही त्या दिवशी मला वाटलं, हरली शेवटी.

फाल्गुनातली गोष्ट. दुसऱ्या दिवशीही सकाळी चिरा रिकामा होता. त्या दिवशी पालीच्या पुढंही माल टाकायचा होता; संध्याकाळी उशिरा परतलो तेव्हा सूर्य बुडाला होता, उजेड उरला होता. वळणावर चार-पाच माणसं उभी, आमच्याच भावकीतली. त्यांनी हात वर केले, एक तर सडकेच्या मधे आला. मला वाटलं, पंच जमवलेत. आता समेट करा, आयशीला घेऊन जा, असं चारचौघांत बोलून मला वाकवणार. मी भोंगा दाबून धरला. मधला माणूस बाजूला झाला. मी गेलो.

ते मला सांगायला उभे होते की आयस दुपारी गेली. लारी यायच्या वेळेपर्यंत त्यांनी तिला तशीच ठेवली होती, मुलगा वाटेनंच येतोय म्हणून. थोरला मुंबईत, त्याला आगबोटीनं येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी न थांबता गेल्यावर चुलतभावानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घरी आला. निरोप आणणाऱ्यानं भागीला विचारलं, काल हात केला तरी थांबला कसा नाही? भागीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "संध्याकाळचं मला कुठं दिसतं?"

भागी त्या माणसाला म्हणाली, "खरंच नाय दिसत त्यांना." माझ्या वतीनं ती भांडली त्याच्याशी. मग आत जाऊन रडली. तो डबा पुन्हा घरात आला नाही आणि तिनं त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की डब्याचं मला ठाऊक नाही. की तिला सगळं ठाऊक होतं आणि तीच मला सांभाळत होती? आजही मी हा संशय घेतो, आता तर ती उत्तरही देणार नाही.

गावानंही रातांधळेपण मानलं. दया केली माझी. संध्याकाळचं सगळ्यांनी विचारलं. सकाळचं कोणी विचारलं नाही.

सकाळी मला दिसत होतं. नेसूचं विटकं लुगडं दिसत होतं, खांद्याशी फाटून गाठ मारलेलं. चिऱ्यावरून उठताना ती आधी एक हात मागं टेकायची, मग गुडघ्यावर ठेवायची, आणि उठल्यावर डब्याचं झाकण काढून धरायची, थांबणाऱ्याचा खोळंबा होऊ नये म्हणून. लारी पुढं गेली की झाकण परत लावायची. तेही मी बघितलं आहे, धूळ बसल्यावर, मान मागं वळवून. रोज.