सुमनचा फोन तापून बंद पडला तेव्हा

आज सोयरिकीच्या बैठकीत माझ्या धाकट्या जावेचा फोन बंद पडला आणि बोलणी तशीच चालू राहिली. म्हणून लिहावं लागतंय.

सुमनला ऐकू येत नाही. समोरच्याचं बोलणं तिच्या फोनवर अक्षरांत उमटतं. फोनला कोकणी कळत नाही, म्हणून तिच्याशी सगळे मराठीत बोलतात. गेल्या अपडेटनंतर अक्षरं उशिरा येऊ लागली. तिच्या लेकीने, मेघनाने, प्रोसेसरचा वेग ठरल्यापेक्षा वाढवून दिला. अक्षरं पळू लागली, पण फोन तापू लागला.

आज मेघनाच्या सोयरिकीसाठी मये गावाहून मुलाकडचे आले. सगळे एकदम बोलत होते. फोन चटका बसेल इतका तापला आणि बंद झाला. सुमनने मुलाच्या मामांकडे पाहिलं.

"मागीर सांगूया तिका," मामा म्हणाले. म्हणजे तिला नंतर सांगू.

मेघना आत चहा करत होती. तेवढ्यात ठरलंही, की लग्नानंतर तिने नोकरी सोडायची. सुमन हसून मान हलवत होती.

मी पाटी आणि खडू मामांपुढे ठेवला. "ठरलं ते लिहा."

"अहो बाई, इतकं कशाला?"

"ती आई आहे मुलीची."

त्यांनी लिहिलं. सुमनने वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, "नोकरी सोडणार नाही ती."

संध्याकाळी मेघनाने फोनचा वेग पूर्ववत केला. एकेकाने, सावकाश बोलायला आपलं नेमकं काय जातं?

त्याआधी, मुलाकडचे निघाले तेव्हा त्यांना नारळ, घरचे काजू आणि सुमनचा निरोप दिला: नोकरी मान्य असेल तरच पुढची बैठक. नारळ आणि काजू त्यांनी घेतले. निरोपाचं कळवतो म्हणाले.